पळसाच्या रंगापासून मोगऱ्याच्या गजऱ्यापर्यंत : फाल्गुन-चैत्राचे सण परिसरातल्या फुलांवर

होळी पौर्णिमा ते अक्षय तृतीया हे जेमतेम सात आठवडे. या काळात रंगपंचमी, गुढीपाडवा, चैत्रगौरीचं हळदीकुंकू असे सण ओळीने येतात आणि प्रत्येकाला लागणारी मुख्य वस्तू नेमकी तेव्हाच झाडावर असते. रंगाला पळस, गुढीला कडुलिंब आणि आंब्याची डहाळी, गौरीला मोगरा आणि दवणा, पन्ह्याला कैरी. या जिनसा आज दुकानात तयार मिळतात, पण त्यात रंगाच्या नावाखाली भलतंच काही येतं आणि कडुलिंब म्हणून दुसऱ्याच झाडाचा पाला हातात पडतो. झाड ओळखता आलं आणि चार दिवस आधी तयारी केली, तर हे सगळं घरी नीट जमतं.

आधी झाडं हेरून ठेवा

सण तिथीवर येतो, झाड ऋतूवर फुलतं. २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ ला ३० मार्चला आणि २०२६ ला १९ मार्चला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे सण दरवर्षी मागे सरकतो आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातो. पाडवा लवकर आला तर कडुलिंबाला नुसती तांबूस कोवळी पालवी मिळते, फुलोरा नसतो. उशिरा आला तर होळीपर्यंत पळसाचा बहर ओसरून झाडाखाली सुकलेला चोथा उरतो. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून आठवड्यातून एकदा परिसरात फेरी मारावी आणि कुठलं झाड कधी कळ्यांवर आलं ते टिपून ठेवावं. पुढच्या वर्षी तीच नोंद पंचांगाइतकी उपयोगी पडते.

टिपून ठेवायची झाडं: पळस, कडुलिंब, मोहोर आलेला पण खालच्या फांद्यांवर मोकळी पालवी असलेला आंबा, चाफा आणि कुणाच्या अंगणात किंवा गच्चीत असेल तो मोगरा. सोसायटीच्या किंवा शेजारच्या आवारातलं झाड असेल तर आधी विचारावं. पहाटे कुंपणावरून हात घालून फुलं नेण्याची सवय अनेक गल्ल्यांत आहे, पण त्यापायी माणसं झाडंच काढून टाकतात.

पळस कोणता आणि पांगारा कोणता

पानगळीनंतर उघड्या फांद्यांवर लाल-केशरी फुलं दिसली की लोक सरसकट पळस म्हणतात. गफलत होते ती पांगाऱ्याशी, कारण दोघांची पानं त्रिदल. पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात, फुलं गडद लाल आणि फांदीच्या टोकाला दाटीने येतात. पळसाला काटे नसतात, खोड वेडंवाकडं आणि खरबरीत असतं. फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं आणि देठाकडे काळपट तपकिरी मखमली पेला. रंग फक्त या फुलाचा निघतो. पांगाऱ्याची फुलं त्यात मिसळू नयेत. काटेसावरीची पाच जाड पाकळ्यांची फुलंही याच सुमारास पडतात, पण रंगाला त्यांचा उपयोग नाही.

फुलं झाडावरून ओरबाडू नयेत. मैना, शिंजीर, मधमाश्या आणि खारींचं या दिवसांतलं मोठं खाद्य तेच आहे, शिवाय गळलेलं ताजं फूल रंगाला तितकंच चांगलं असतं. आदल्या संध्याकाळी झाडाखाली जुनी चादर अंथरावी आणि ऊन चढायच्या आत उचलावी. जमिनीवर दोन दिवस पडून तपकिरी झालेली फुलं घेऊ नयेत, त्यांचा रंग मळकट येतो. रहदारीच्या रस्त्याकडेची धुळकटलेली फुलंही टाळावीत.

घरी आणल्यावर फुलं झटकून मुंग्या काढाव्यात आणि प्रत्येक फुलाचा काळा पेला खुडून टाकावा. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. पेल्यासकट उकळलं की केशरीऐवजी गढूळ तपकिरी पाणी हाती येतं. पाकळ्या सुती कापडावर पातळ पसरून सावलीत तीन ते पाच दिवस वाळवाव्यात. उन्हात लवकर वाळतात, पण फिक्या पडतात. बोटांत चुरडल्यावर कागदासारखा आवाज आला की वाळल्या असं समजावं. एक किलो ताज्या फुलांतून वाळलेल्या पाकळ्या दीडशे ग्रॅमच्या आसपास निघतात. डब्यात भरताना थोडीशी ओल राहिली तरी आठवड्याभरात बुरशी धरते. नीट वाळलेल्या पाकळ्या पुढच्या होळीपर्यंत टिकतात. होळी उशिरा येणाऱ्या वर्षी हा साठाच कामी येतो. शहरात झाड नसेल तर काष्ठौषधींच्या दुकानात पळसफुलं किंवा टेसू म्हणून मागावं. मात्र घरी आणून पेले निवडण्याचं काम करावंच लागतं.

रंग काढण्याची रीत

१०० ग्रॅम वाळलेल्या पाकळ्यांना ५ लिटर पाणी. रंगपंचमीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी पाकळ्या स्टीलच्या पातेल्यात भिजत घालाव्यात. लोखंडी कढई किंवा पोपडे उडालेलं इनॅमलचं भांडं नको. लोखंड फुलातल्या तुरट अंशाशी मिळून रंग काळपट करतं. सकाळी पातेलं मंद आचेवर ठेवून, उकळी फुटायच्या बेतात, अर्धा तास राहू द्यावं. खळखळून उकळल्याने रंग जास्त निघत नाही, उलट पाकळ्यांचा लगदा होऊन गाळताना त्रास होतो. आच बंद करून रात्रभर झाकून ठेवावं. दुसऱ्या दिवशी आधी चाळणीतून आणि मग दुहेरी मलमलीतून गाळावं. एकदाच गाळलं तर पाकळ्यांचे धागे पिचकारीच्या तोंडात अडकतात आणि डोळ्यांत गेले तर टोचतात.

हाती चार लिटरच्या आसपास पिवळसर केशरी पाणी येतं. गडद केशरी हवं असेल तर चुन्याची निवळी घालावी. खायच्या चुन्याचा चण्याएवढा खडा वाटीभर पाण्यात कालवून तासभर ठेवावा आणि फक्त वरचं नितळ पाणी चमच्या-चमच्याने रंगात टाकावं. प्रत्येक चमच्यासरशी रंग पिवळ्याकडून केशरीकडे सरकताना दिसतो. केशरी दिसला की थांबावं. खाली बसलेला चुना आत पडला तर कातडी चुरचुरते आणि डोळ्यांना तो घातक आहे. लहान मुलांसाठीच्या बादलीत निवळी अजिबात घालू नये, साधा पिवळा रंग पुरे.

आता अपेक्षेबद्दल. हा रंग बादलीत गडद दिसला तरी अंगावर हलका केशरी-पिवळा बसतो आणि एका अंघोळीत बराचसा जातो. बाजारच्या रंगाचा भडकपणा त्यात येणार नाही आणि तो आणण्यासाठी त्यात काही मिसळूही नये. पांढऱ्या सुती कपड्यांवर मात्र तो उत्तम खुलतो. दहा-बारा जणांना एवढा काढा दुप्पट पाणी घालून पुरतो. दोन दिवसांच्या वर ठेवला तर आंबूस वास येतो, म्हणून आधीच करून ठेवण्यात अर्थ नाही.

कपड्यावर पिवळा डाग राहू नये असं वाटत असेल तर खेळून झाल्यावर लगेच गार पाण्यात कपडे पिळावेत. याउलट ओढणी किंवा उपरणं मुद्दाम रंगवायचं असेल तर आधी तुरटी लागते. २०० ग्रॅम वजनाच्या धुतलेल्या सुती कापडाला ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून, त्यात कापड तासभर ठेवून पिळावं आणि मग न पातळ केलेल्या काढ्यात अर्धा तास मंद आचेवर रंगवावं. सावलीत वाळवावं. उन्हात हा रंग हळूहळू उतरतो, हे धरूनच चालावं.

कोरडा रंग हवा असेल तर अर्धा लिटर काढा आटवून वाटीभर करावा आणि ५०० ग्रॅम आरारुटात थोडा थोडा चोळावा. पिठी ओलसर झाली पाहिजे, गोळा होता कामा नये. ताटात पसरून सावलीत वाळवून मैद्याच्या चाळणीने चाळावी. आरारुटाऐवजी मैदा वापरू नये, घामाने त्याची चिकी होते आणि केसांतून निघता निघत नाही.

पाडवा : कडुलिंबाची खात्री आधी

पाडव्याच्या आदल्या दिवशी बाजारात कडुलिंबाच्या नावाने येणाऱ्या जुड्यांत कधी कधी बकाण निंब असतो. गुढीला बांधला तर काही बिघडत नाही, पण तो पोटात जाता कामा नये, बकाण विषारी आहे. ओळख सोपी आहे. कडुलिंबाचं पान म्हणजे एकच लांब शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना करवती कडेची, किंचित कोयत्यासारखी वळलेली पानं. बकाणाच्या शिरेला पुन्हा उपशिरा फुटतात आणि पानं त्या उपशिरांवर असतात. कडुलिंबाचं फूल पांढरं, बारीक आणि मधासारख्या वासाचं. बकाणाचं फूल जांभळट, मधोमध गडद जांभळी नळी. शंका आली तर प्रसाद न केलेला बरा.

फुलोरा हवा असेल तर सकाळी झाडाखाली कापड धरून फांदी हलकी हलवावी. कडुलिंबाची फुलं अलगद गळतात, फांदी तोडावी लागत नाही. गुढीसाठी हातभर डहाळी पुरते. आंब्याची डहाळी घेताना मोहोर किंवा बारीक कैऱ्या असलेली फांदी सोडून द्यावी, नुसत्या पानांची घ्यावी.

प्रसाद सहा जणांसाठी: ८-१० कोवळी पानं, दोन चमचे फुलं, चार तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ चार चमचे, गूळ दोन चमचे, चिंचेचं बोटभर बुटुक, अर्धा चमचा जिरे, दोन मिरे, चिमूट-चिमूट ओवा आणि हिंग, चवीला मीठ. फुलं सोडून बाकी सगळं खलबत्त्यात भरड कुटावं, फुलं शेवटी मिसळावीत आणि लगेच बोराएवढ्या गोळ्या वळाव्यात. जून, गर्द हिरवी पानं घेतली तर कडवटपणा तोंडातून जात नाही आणि मुलं पुढच्या वर्षी हात लावत नाहीत. तासन्‌तास आधी वाटून ठेवलं तर मिश्रण काळं पडतं आणि कडूही वाढतं. लहान मुलांना चाटण्यापुरतंच द्यावं, गरोदर बाईने घेऊ नये.

गुढी उभारताना क्रम महत्त्वाचा. फ्लॅटच्या बाल्कनीसाठी सहा फुटांचा, अंगठ्याहून थोडा जाड वेळू पुरतो. तो धुऊन, पुसून, तेल लावून घ्यावा. टोकापासून चार बोटं खाली खणाच्या किंवा रेशमी वस्त्राच्या निऱ्या सुती दोऱ्याने घट्ट बांधाव्यात. त्याच गाठीवर कडुलिंब, मग आंब्याची डहाळी, मग हार आणि शेवटी साखरेची गाठी. तांब्या सर्वांत शेवटी उपडा घालायचा. बरेच जण तांब्या आधी घालतात आणि मग हार त्याच्यावर अडकवतात, तो वाऱ्याने तांब्यासकट खाली येतो. काठीचं टोक तांब्यात सैल बसत असेल तर त्यावर सुती कापडाची पट्टी गुंडाळावी. वरच्या मजल्यावर जड तांब्या नको, लहान गडू घ्यावा.

काठीचा बुंधा पाटावर टेकवून कठड्याला दोन ठिकाणी सुतळीने आवळावा, एक गाठ खाली आणि एक कठड्याच्या वरच्या नळीला. एकाच गाठीवर गुढी गरागरा फिरते. जवळून विजेची तार जात असेल तर काठी बाहेर झुकवू नये. झेंडूचा हार पाणी शिंपडलेला असतो, तो तसाच रेशमावर ठेवला तर पिवळे डाग कायमचे पडतात. हार आधी तासभर निथळत ठेवावा किंवा मध्ये केळीच्या पानाचा तुकडा धरावा. कोकण-गोव्याकडच्या दमट हवेत गाठी घाम सोडते, म्हणून ती ऐन पूजेच्या वेळी बांधावी.

सूर्यास्ताआधी गूळ किंवा साखर दाखवून गुढी उतरवावी. उरलेला कडुलिंब सावलीत कडकडीत वाळवून गव्हाच्या कोठीत थरांमध्ये घालावा. एप्रिल-मे हे वर्षाचं धान्य भरायचे दिवस आहेत आणि हा पाला किडीला चांगला आवर घालतो.

चैत्रगौर : महिनाभराचा निवांत सण

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते आणि अक्षय तृतीयेपर्यंत माहेरी राहते. या महिन्यात सोयीच्या एका दिवशी, बहुधा मंगळवारी किंवा शुक्रवारी, हळदीकुंकू करतात. इतके दिवस हाताशी असल्यामुळे फुलं आणि कैऱ्या चांगल्या येईपर्यंत थांबता येतं. लवकर येणाऱ्या चैत्रात उत्तरार्धातला दिवस धरावा. तोवर कैरीत आंबटपणा भरतो आणि मोगरा लागतो.

गौरीपुढे चैत्रांगण काढतात. तीन फूट चौरस जागा गेरूने सारवून किंवा फरशीवर गेरूचा हात फिरवून पूर्ण वाळू द्यावी. ओल्या गेरूवर रांगोळी ओढली की ती भिजून पसरते. मधोमध झोपाळ्यावरची गौर आणि तिची सखी, त्यांच्या वर मखर, दोन बाजूंना सूर्य-चंद्र, खाली तुळशीवृंदावन, मग शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्म, कासव, नाग, हत्ती, मोर, फणी-करंडा, आरसा, पंखा, कुयरी, आंब्याचं झाड, गुढी. परंपरेने एकावन्न चिन्हं सांगतात. पहिल्यांदा काढणाऱ्याने पंधरा-वीसच नीट काढावीत. जागेचे खडूने आधी चार भाग केले की मधली गौर एका बाजूला सरकत नाही. नेहमीच्या चुकीचं कारण तेच असतं: कडेची चिन्हं आधी काढली जातात आणि गौरीला जागा उरत नाही.

आंबाडाळ, वीस-बावीस जणींसाठी: अर्धा किलो हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवावी, त्याहून जास्त नाही. उन्हाळ्यात रात्रभर भिजलेली डाळ वास मारू लागते. उपसून तासभर चाळणीत निथळावी. पाण्याचा थेंब न घालता भरड वाटावी, मिक्सरला थांबत-थांबत झटके द्यावेत. एकसलग फिरवली की पिठलं करायच्या लायकीचा चिकट गोळा होतो. ३०० ग्रॅम कैरीचा कीस, १०-१२ हिरव्या मिरच्यांचा ठेचा, चार चमचे साखर आणि वाटीभर ओलं खोबरं घालावं. कैरी तोतापुरी असेल तर ती कमी आंबट असते, ४०० ग्रॅम घ्यावी. पाव वाटी तेलात मोहरी, हिंग, हळद, पाच सुक्या मिरच्या आणि कढीपत्त्याची फोडणी करून ती गार झाल्यावर ओतावी. मीठ तीन चमचे, पण बायका यायच्या अर्धा तास आधी. मीठ लवकर पडलं की कैरी पाणी सोडते आणि डाळ पातळ होते. खोबरं असल्यामुळे संध्याकाळची डाळ दुसऱ्या दिवसासाठी बाहेर ठेवू नये.

पन्ह्यासाठी एक किलो कैऱ्या देठ कापून अर्धा तास पाण्यात घालाव्यात, म्हणजे चीक निघून जातो. तो राहिला तर पन्हं घशाला खवखवतं. कुकरमध्ये कैऱ्या पाण्यात न बुडवता भांड्यात ठेवून दोन शिट्ट्या कराव्यात. गर अर्धा किलोच्या आसपास निघतो. तो गरम असतानाच ८०० ग्रॅम चिरलेला पिवळा गूळ मिसळून चाळणीतून काढावा, दीड चमचा मीठ, चमचाभर वेलचीपूड आणि केशर घालावं. तीन लिटर गार पाणी घातलं की दीडशे मिलीचे पंचवीस पेले होतात. काळ्या गुळाने चव चांगली येते, पण रंग मातकट दिसतो. शोभेसाठी पितळी घंगाळात पन्हं ओतायचा मोह होतो. आतून कल्हई नसेल तर ते करू नये, आंबटाने पितळ कळकतं आणि पन्हं बाधतं.

ओटीसाठी अर्धा किलो हरभरे दहा-बारा तास भिजवून निथळावेत. पिण्याच्या पाण्याच्या माठात वाळ्याची धुतलेली जुडी घालावी. ती दर तिसऱ्या दिवशी काढून उन्हात वाळवली की पुन्हा वापरता येते.

मोगरा आणि दवणा

मोगऱ्याची कळी उमलायच्या आधी, उन्हं उतरल्यावर खुडतात. टपोरी, दुधी पांढरी झालेली कळी त्याच रात्री उमलते. हिरवट छटा असलेली खुडली तर ती तशीच बंद राहून पिवळी पडते. हळदीकुंकू संध्याकाळी सहाला असेल तर कळ्या चार वाजता तोडून ओल्या मलमलीत गुंडाळून ठेवाव्यात. पाण्यात बुडवू नयेत, पाकळ्या तपकिरी होतात. वीतभर गजऱ्याला पन्नास-साठ कळ्या लागतात, म्हणजे वीस जणींना गजरे द्यायचे तर घरच्या झाडांवर भागत नाही. त्यापेक्षा दोन कळ्या आणि दवण्याची एक काडी अशी जोडी केळीच्या सोपाने बांधून द्यावी. पन्नासेक कळ्यांत काम होतं आणि दवण्याच्या वासाने मोगरा जास्तच खुलतो.

दवणा याच महिन्याचा. कोल्हापूरजवळ जोतिबाच्या चैत्र यात्रेत तो वाहतात आणि देवघरांतही चैत्रात दवणा वाहण्याची चाल आहे. बाजारातून जुडी आणल्यावर फडक्यात गुंडाळून गार जागी ठेवावी. पाण्यात उभी केली तर खालची पानं कुजतात. सण झाल्यावर सावलीत वाळवून कपड्यांच्या कपाटात ठेवली की महिनोन्‌महिने वास टिकतो.

पुढच्या चैत्रात कुंडीतल्या मोगऱ्याला भरपूर कळ्या हव्या असतील तर काम जानेवारीच्या अखेरीस करावं लागतं. झाडाचं पाणी आठ-दहा दिवस तोडावं, पानं ओरबाडून काढावीत, फांद्या एक-तृतीयांश छाटाव्यात. मग वरची माती उकरून दोन ओंजळी कुजलेलं शेणखत घालावं आणि पाणी सुरू करावं. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर इतकं करूनही नुसती पालवी येते, अशी कुंडी आधी उन्हात हलवावी. बहर ओसरल्यावर सुकलेल्या फुलांची टोकं दोन पेरं खाली छाटली की पावसाळ्याच्या तोंडाशी दुसरा बहर येतो.